पावसाळ्यात इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची डावी बाजू बसते, कोकणात कसे सांभाळता?

देवगडचा_श्रोता
नमस्कार मंडळी. माझ्याकडे स्टॅक्स या जपानी कंपनीचा जुना लॅम्ब्डा हेडफोन आहे, 580 व्होल्ट प्रो बायसवाला (बायस म्हणजे आतल्या फिल्मला सतत द्यावा लागणारा व्होल्टेज), आणि सोबत 6एफक्यू7 व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अँप. दोन्ही सेकंडहँड, जपानहून आलेले. उन्हाळाभर इतके सुंदर वाजले की काय सांगू, तंबोऱ्याची जवारी यावर ऐकल्यापासून दुसरा हेडफोन कानाला लावावासा वाटत नाही. पण मृग लागला आणि डावी बाजू बारीक व्हायला लागली, मधेच चर्र चर्र पण येतं, तासभर चालू ठेवला की थोडं सावरतं. घर कौलारू, समुद्र हाकेवर, भिंतींना ओल. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, गेला का? अँप 100 व्होल्टचा आहे, व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो, त्याचं काही असेल का?

रत्नांग्री_ऑडिओ
ड्रायव्हर गेला असं लगेच धरू नकोस रे. आत दोन जाळ्यांच्या मधे एक-दोन मायक्रॉनची फिल्म असते आणि तिच्यावर बायसचा चार्ज बसलेला असतो. हा बायस कित्येक मेगाओहमच्या रेझिस्टरमधून येतो, म्हणजे करंट जवळजवळ नाहीच, त्यामुळे कडेला धूळ बसली आणि ती दमट झाली की चार्ज तिथून गळतो आणि त्या बाजूचा आवाज पडतो. चालू ठेवल्यावर सावरतं हे त्याचंच लक्षण.
आधी सोर्सकडून (सीडी प्लेअर वगैरे) अँपला सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल डाव्या-उजव्या अदलाबदल करून बघ. बारीक बाजू बदलली तर दोष मागे, सोर्स किंवा केबलमधे. तशीच राहिली तर अँप किंवा हेडफोन. मग हेडफोन हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) तीन-चार दिवस ठेव आणि परत ऐक. सुधारला तर अँपला हात लावायची गरजच नाही.
घरचे सांगतील तांदळाच्या डब्यात ठेव, अजिबात नको, तांदळाची पूड ड्रायव्हरमधे गेली तर कायमचं दुखणं. हेअर ड्रायर नको, ऊन पण नको, फिल्मचा ताण बिघडतो.

व्हॉल्व्ह_दुरुस्ती_पुणे
वरचं बरोबर आहे, एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. अँप स्वतः उघडू नका. आत 300 व्होल्टच्या वर सप्लाय असतो, बायस वेगळाच, आणि बंद करून प्लग काढला तरी कॅपॅसिटर भरलेले राहतात. हेडफोनची केबल कुठे सोलली असेल तर तीही वापरू नका, जाळ्यांना जाणारा सिग्नलच शेकडो व्होल्टचा असतो. प्लग लावताना-काढताना अँप बंद.
स्टेपडाउनची काळजी करू नका. जपानात टोकियोकडे 50 हर्ट्झ आणि ओसाकाकडे 60, त्यामुळे त्यांची यंत्रं दोन्हीवर चालतात. फक्त ट्रान्सफॉर्मर पुरेशा वॅटचा घ्या, आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाट देणारा असेल तर त्यावर अँप चालवू नका. विजा चमकायला लागल्या की प्लग सॉकेटमधून बाहेर.

वेंगुर्ला_किनारा
माझं मत थोडं वेगळं. डबा चांगला, पण रोज काढ-घाल केली तर झाकण उघडलं की ओल आत येणारच आणि सिलिका दोन दिवसांत रंग बदलणार, मग ते कढईत मंद आचेवर परत सुकवत बसा. मी कॅमेऱ्यावाल्यांचं ड्राय कॅबिनेट घेतलं, 45 टक्क्यांवर लावलेलं असतं, ऐकून झालं की घामट कानगाद्या कोरड्या मऊ फडक्याने पुसायच्या आणि हेडफोन आत. आपल्याकडे आगोटीच्या कामांत जसं सरपण आणि खारवलेलं आत घेतो तसं हेही मेअखेरीलाच आत गेलं पाहिजे, ओल भरल्यावर धावपळ करून उपयोग नाही.
दुसरं म्हणजे खारी हवा. आरसीएची टोकं आणि व्हॉल्व्हच्या पिना काळ्या पडतात, चर्र चर्र तिथूनही येऊ शकतं. अँप बंद करून, प्लग काढून, चांगला वेळ थांबून मग आरसीएची टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. फवारा कापडावर मारायचा, हेडफोनच्या जवळपासही नको.

देवगडचा_श्रोता
दादा, काका, सगळ्यांचे आभार. केबल बदलून पाहिल्या, बारीक बाजू डावीच राहिली. हेडफोन डब्यात घातलाय. एक विचारतो, व्हॉल्व्हचा अँप गरम होतो तर त्याच्याच शेजारी शेल्फवर हेडफोन ठेवला तर कोरडा राहील का?

रत्नांग्री_ऑडिओ
नको. अँप बंद झाला की हवा गार होते आणि दमटपणा परत येतो, शिवाय उष्णतेने गाद्यांचा डिंक सुटतो. अँपला वरून मोकळी हवा ठेव, आणि व्हेंटला अगदी बारीक जाळी लाव, पावसात पाली उबेला येतात. शनिवारी डबा उघडलास की डावी बाजू कशी आहे ते इथेच लिही.