मदत हवी आहे: गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी कोणता हीटर?

रंधा: नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. गॅरेजमध्ये छोटं वर्कशॉप केलंय. रात्री गारठ्यात हात चालत नाहीत. 2000 वॉटचा ब्लोअर घेऊ की ऑइलवाला, म्हणजे आत तेल भरलेला विजेचा हीटर? रविवारी आणायचाच आहे, लवकर आणि नेमकं सांगा.

सातपूरकर: जागा केवढी? वर स्लॅब की पत्रा? काम कसलं करता? एवढं तरी लिहा भाऊ.

गंगापूर_रोड: डोळे झाकून ब्लोअर घ्या. पाच मिनिटांत ऊब येते. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत तीन हिवाळे चाललाय.

रंधा: 10 बाय 18, स्लॅब, पुढे शटर. सुतारकाम. ऑफिसहून आल्यावर आठ ते अकरा. आता सांगा.

सातपूरकर: सुतारकाम पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! मग ब्लोअर नकोच. पंखा भुसा आत ओढतो, तो कॉइलवर जळतो. ऑइलवाल्यात लाल तार उघडी नसते. तापायला अर्धा तास लागेल, जेवायला बसताना लावून ठेवा.

पंचवटीची_ताई: त्या शटरच्या फटींतून सगळी ऊब बाहेर जाणार. त्यापेक्षा हॅलोजन घ्या, तो समोरच्या माणसाला शेकतो, खोली तापायची वाट बघावी लागत नाही. आणि शटरखाली जुनी सतरंजी गुंडाळून लावा.

सातपूरकर: ताई, भुशाच्या खोलीत लालबुंद नळी? अजिबात नको.

वायरमन_सिडको: हीटर कुठलाही घ्या, सॉकेट कुठलं आहे ते आधी बघा. 2000 वॉट म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. 6 अँपिअरच्या सॉकेटला कनव्हर्टर पिन लावून लोक चालवतात. गेल्या महिन्यात एक बोर्ड उघडला, आतली वायर काळी पडून कडक झाली होती, बोटाने दाबताच इन्सुलेशन गळून पडलं. 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. तीन तास फुल चालला तर रोज सहा युनिट, महिन्याला 180.

निफाडकर: नाशकात कसला गारठा! आमच्याकडे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, ड्रिप सोडावं लागतं, नाहीतर मणी तडकतात. या वर्षी कोणी बागेला कव्हर टाकलंय का? एकरी खर्च कळवा.

रंधा: द्राक्षांचा वेगळा धागा काढा ना दादा. मला हात शेकायचे नाहीयेत फक्त. डिसेंबरपासून चिकटवलेले तीन स्टूल सुटलेत. शिवाय शनिवारी पॉलिश करायचंय, त्यालाही खोली गरम हवी.

जुना_हात: सुटलेल्या सांध्यावर नख ओढून बघा. खडूसारखी पांढरी भुकटी निघते का?

रंधा: हो! तशीच निघाली. ग्लू खराब आहे का?

जुना_हात: ग्लू नाही, थंडी. पांढरा ग्लू गारठ्यात एकजीव होत नाही, पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. किती डिग्रीच्या खाली वापरू नये ते डब्यावर बघा. हवा गरम झाली तरी रात्रभर फरशीवर पडलेलं लाकूड आतून गारच असतं. लाकूड आणि ग्लू आदल्या रात्री घरात आणून ठेवा, रविवारी दुपारी उन्हं असताना सांधे जोडा, क्लॅम्प लावून घरातच राहू द्या. आणि पॉलिश थिनरचं असेल तर कुठलाच हीटर चालू नको. ऑइलवाल्याचा थर्मोस्टॅटही चालू-बंद होताना ठिणगी टाकू शकतो. ते काम भर दुपारी, शटर उघडं ठेवून.

गंगापूर_रोड: मी अजूनही ब्लोअरच म्हणेन.

रंधा: जुना_हात काका, रविवारी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सोमवारी वाया गेलेल्या तुकड्यांचा एक सांधा मुद्दाम हातोड्याने फोडला. लाकूड फाटलं, सांधा तसाच राहिला. हातांसाठी 1500 वॉटचा ऑइलवाला घेतलाय, पण खोक्यातच आहे. सॉकेट 6 अँपिअरचंच निघालं. वायरमनदादा, मीटरपासून गॅरेज चाळीस फूट आहे, वायर किती एमएमची ओढू?

वायरमन_सिडको: कॉपर, 4 एमएम. अर्थिंग आहे का ते आधी तपासा.