काटा सातवर आहे म्हणून माती चांगली?

‘मीटरवर पीएचचा काटा सातवर स्थिर आहे, म्हणजे माती उत्तम’ असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. (पीएच म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे, याचं माप.) कुंडीतल्या मातीत दांड्या खोचून ओल आणि पीएच दाखवणाऱ्या या बिनबॅटरीच्या मीटरमध्ये दोन वेगळे धातू असतात. ओल्या मातीत त्यांच्यात बारीकसा प्रवाह तयार होतो आणि काटा हलतो. म्हणजे ओल काय आणि क्षार काय, त्याला फरक कळत नाही. मी वाटीभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दांड्या बुडवून पाहिल्या, काटा ‘कोरडी’कडेच. चिमूटभर मीठ ढवळलं आणि तो थेट ‘ओली’च्या टोकाला गेला!

त्यात आपल्या कोल्हापूरकडची काळी माती. वाळायला लागली की भेगा पडतात, दांडी भेगेत गेली की मातीला नीट टेकतच नाही. माझ्या जास्वंदीला मीटर ‘कोरडी’ दाखवायचा, मी पाणी घालत राहिले. शेवटी कुंडी उपडी केली तर तळाशी चिखल आणि मुळं काळी पडलेली. फार वाईट वाटलं. आता बोट दोन पेरं आत घालूनच पाणी ठरवते. पीएचसाठी मात्र माती सावलीत वाळवून परीक्षण प्रयोगशाळेत द्या. तिथे साधारण एक भाग मातीत अडीच भाग पाणी कालवून काचेच्या इलेक्ट्रोडने मोजतात.