चिलिकाचं शेवाळ आणि शेततळ्यातलं मोरचूद

गोदाकाठ: काल या चर्चेत लिहिलं गेलं, "ऊन तापलं की शेवाळ वाढतं. ओडिशातलं चिलिका सरोवर असो नाहीतर निफाडचं शेततळं, मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका नि मोकळे व्हा." दोन्ही गोष्टी चूक. चिलिकात खरा कारभार खारेपणाचा. पावसाळ्यात दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गढूळ पाणी उत्तरेकडून शिरतं, तिथला खारेपणा जवळपास शून्यावर येतो. नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) भरपूर, पण गाळामुळं उजेड आत जात नाही. पाऊस ओसरून गाळ बसला की तेच खाद्य, वर नद्यांनी आणलेली सिलिका, डायटम या काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कामी येते. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी आत सरकतं, गोड्या पाण्यातल्या जाती हटतात. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडं नवं मुख खोदलं. ऊन तेवढंच राहिलं, खारेपणा वाढला आणि गोड्या पाण्यातलं तण मागं हटलं.

बागाईतदार_निफाड: चिलिका राहू द्या हो. द्राक्षाच्या खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिलात, तळं हिरवंगार होतं, ठिबकच्या सॅन्ड फिल्टरवर दाबाचा फरक चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या वर जातो, बॅकवॉश (उलट्या पाण्यानं फिल्टर धुणं) करून माणूस थकतो. तळं 30×30×3 मीटर म्हणजे 2700 घनमीटर. लिटरला एक मिलिग्रॅमनं 2 किलो 700 ग्रॅम मोरचूद. यात चूक काय?

पाणीतपास: हिशेबच चुकला. 1:1 उतार धरला तर तळ 24×24 उरतो, काठोकाठ तळ्यात 2196 घनमीटर पाणी. एप्रिलात पाणी दीड मीटरवर आलेलं असेल तर फक्त 976. म्हणजे एक किलोसुद्धा लागत नाही, तुम्ही जवळपास तिप्पट टाकताय! शिवाय आधी पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद; खारेपणा नव्हे) मोजा. तिला शंभरानं भागा, तेवढे मिलिग्रॅम मोरचूद लिटरला. क्षारता 50 च्या खाली असेल आणि तळ्यात मासे असतील तर हात लावू नका. 250 च्या वर असेल तर तांबं लगेच साका होऊन तळाला बसतं, पैसे पाण्यात.

मळेवाली: आणि सगळं तळं एकदम मारू नका. मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं, पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. आधी अर्धं तळं, मग दहा-बारा दिवस थांबा. मोरचूद प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच विरघळवा. बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या मिश्रणात) विळा बुडवून तांबूस होतो का बघता ना, लोखंडी ड्रमात तेच तांबं पत्र्यावर चढतं. पण मुळात काठावर खताच्या टाक्या धुणं कधी बंद होणार? ते धुवण सरळ तळ्यात उतरतं आणि मग दोष उन्हाला!

बागाईतदार_निफाड: टाक्या सगळेच धुतात, एकट्यालाच काय बोलता? उताराचा हिशेब मान्य, तिथं चुकलो. पण ऊन काहीच करत नाही, हे मानणार नाही.

गोदाकाठ: काहीच करत नाही असं कुणी म्हटलं? निळं-हिरवं शेवाळ गरम, थांबलेल्या पाण्यात झपाट्यानं वाढतं, हे खरंच. पण स्फुरद नसेल तर कितीही तापू द्या, तळं हिरवं होत नाही. आणि ते शेवाळ एकदम फुटलं तर त्यातलं विष पाण्यात उतरतं, तेच पाणी जनावरं पितात.

बागाईतदार_निफाड: बरं, क्षारता कधी मोजायची ते सांगा.

पाणीतपास: सकाळीच मोजा, सामूही (पीएच) बघा. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू 9 च्या वर जाऊ शकतो. त्या पाण्यात टाकलेलं तांबंही टिकत नाही.