सल्ला हवा: ऑफिस लॉबीचे फ्लॅप बॅरियर आयात करायचेत, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आकडा) कोणता लावू?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं ॲक्सेस कंट्रोलचं काम आहे. आजवर इथल्याच डीलरकडून माल घेत आलो, आता एका आयटी पार्कसाठी शेन्झेनहून थेट मागवतोय. ऑर्डरमध्ये तीन वस्तू आहेत: मोटरवाले फ्लॅप बॅरियर (कार्ड दाखवलं की पाती उघडणारं गेट, कार्ड रीडर आतच बसवलेला), कामगारांच्या गेटसाठी फुल हाइट टर्नस्टाइल (माणसाच्या उंचीचं फिरतं गेट), आणि शेजारी व्हीलचेअर जाण्यासाठी हाताने ढकलायचं साधं स्टीलचं फाटक. सप्लायरने प्रोफॉर्मावर (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर) सगळ्याला ७३०८ टाकलंय. एक एजंट ८५४३ म्हणतो, दुसरा ८५३०. माल अजून निघालेला नाही. कोणाचं ऐकू?

उरणचा_सीएचए
सप्लायरचा कोड बाजूला ठेवा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात हे खरं, पण इथे बिल ऑफ एंट्री (बीई, कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद) तुमच्या नावाने भरलं जाणार. २०११ पासून स्वमूल्यांकन आहे, म्हणजे कोड बरोबर लावायची जबाबदारी सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ खाली तुमचीच.

तिन्ही वस्तूंना एक कोड लावू नका. वस्तू कशाची बनलीय यापेक्षा ती काय करते ते आधी बघा.

फ्लॅप बॅरियरमध्ये मोटर, कंट्रोल बोर्ड, सेन्सर आहेत. स्टीलची पेटी म्हणजे नुसतं कव्हर. टॅरिफमध्ये (कोड आणि शुल्काच्या यादीत) पोलादाच्या वस्तूंचा जो विभाग १५ आहे, त्याची टीप १(एफ) स्पष्ट सांगते की विभाग १६ मधली यंत्रं इथे येत नाहीत. म्हणजे ७३०८ गेलं. ८५३० हे रेल्वे, रस्ते, पार्किंग, बंदर, विमानतळ अशा ठिकाणच्या विद्युत सिग्नल आणि वाहतूक नियंत्रणाच्या उपकरणांसाठी आहे, लॉबीत माणसं एकेक करून आत सोडणाऱ्या गेटसाठी नाही. ८५४३ मध्ये मेटल डिटेक्टरची चौकट जाते, कारण तिचं कामच विजेवरचं. तुमच्या गेटचं मुख्य काम यांत्रिक आहे: पाती उघडणं, बंद होणं, माणूस अडवणं. कार्ड रीडर आत असला तरी विभाग १६ ची टीप ३ मुख्य काम बघायला सांगते. माझ्या मते ८४७९ (दुसऱ्या कुठल्या कोडात न बसणारी यंत्रं), आणि आपल्या टॅरिफमध्ये ८४७९ ८९ ९९.

साध्या फाटकाला मात्र ७३०८ च बरोबर. त्या शीर्षकाच्या एचएसएन स्पष्टीकरणात (एचएस कोडवरच्या जागतिक टिपांमध्ये) रेल्वे फाटकं आणि तत्सम अडथळे नावानिशी आहेत. पुढचे आकडे ड्रॉइंग बघून ठरवू.

टॅरिफवाचक
फ्लॅपबद्दल सहमत. पण दादा, फुल हाइट टर्नस्टाइलबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि वाद तिथेच होतो. मोटर नाही, मग पिंजराच की, असं अधिकारी म्हणू शकतात. ८४७९ च्या स्पष्टीकरणात मात्र मोटर असो वा नसो, स्वतंत्रपणे काम करणारं यांत्रिक साधन चालतं. त्यामुळे आत काय आहे ते दाखवा: एका वेळी एकच माणूस सोडणारी रॅचेट, सोलेनॉइड लॉक, झटका शोषणारा डॅम्पर. वरचं झाकण काढून यंत्रणेचा फोटो मागवा. एचएसएनची स्पष्टीकरणं वर्गीकरणात भरवशाची मानावीत हे सुप्रीम कोर्टाने वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या निकालात १९९५ मध्येच सांगितलंय, तेव्हा त्यांचा आधार लेखी द्या.

फेसलेस असेसमेंटमुळे माल न्हावा शेवाला असला तरी बीई तपासणारा अधिकारी दुसऱ्याच बंदरात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर गेट नसतं, फक्त तुमचं वर्णन आणि ई-संचितवर (कस्टमला ऑनलाइन कागद द्यायची सोय) चढवलेला कॅटलॉग असतो. इन्व्हॉइसवर 'सिक्युरिटी गेट, एक लॉट' असं लिहून आलं की क्वेरी येणार, आणि उत्तर देईपर्यंत कंटेनरचं डिटेन्शन (अडकून राहिल्याचं भाडं) चढत राहणार. तीन वस्तू, तीन ओळी, प्रत्येक ओळीत मॉडेल आणि मोटर आहे की नाही हे लिहून घ्या.

पुण्याची_अकाउंट्सवाली
पैशाचंही बघा. समजा सीआयएफ किंमत (विमा आणि जहाजभाडं धरून) २० लाख आहे. बेसिक कस्टम ड्युटी ७.५ टक्के धरली तर दीड लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १५ हजार, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी ३,८९,७००. आयजीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर खरा खर्च १,६५,००० चा. बेसिक १० टक्के झाली तर तोच २,२०,००० होतो. ५५ हजारांच्या फरकासाठी सोयीचा कोड लावू नका. कमी भरलेल्या शुल्काची साधी मागणी २ वर्षांपर्यंत मागे जाते, माहिती दडवली असं ठरलं तर ५ वर्षं, वर व्याज आणि दंड. बीई भरायच्या दिवशीचा दर आणि अधिसूचना मात्र नक्की तपासा.

टॅरिफवाचक
पुढेही हाच माल आणणार असाल तर मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णयासाठी कायद्यात ३ महिन्यांची मुदत, आणि कायदा बदलला नाही तर निर्णय काही वर्षं चालतो. मात्र वाद सुरू व्हायच्या आधीच जा. तोच प्रश्न अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असेल तर अर्ज घेत नाहीत. दुसऱ्या आयातदाराला मिळालेला निर्णय वाचायला उपयोगी, पण तो तुमच्यासाठी बंधनकारक नाही.

उरणचा_सीएचए
फुल हाइटचं टॅरिफवाचक म्हणतात ते बरोबर, मीही ८४७९ च लावेन. अजून एक: कार्ड रीडर वायरलेस आहे, म्हणून डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, आहे का ते आत्ताच विचारा. कोड बरोबर असूनही माल यावरून अडतो. सीएचए (कस्टम एजंट) निवडताना 'कोड कोणता' एवढंच विचारू नका, 'कोणत्या टिपेवरून' हे विचारा. जो ड्रॉइंग न मागता कोड सांगतो त्याला काम देऊ नका.

भोसरीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रोफॉर्मा तीन ओळींत बदलून मागवतोय. एक अडचण: फ्लॅपच्या पेट्या एका कारखान्यातून आणि मोटरची यंत्रणा दुसऱ्यातून येणार आहे. दोन शिपमेंट केल्या तर चालेल?

उरणचा_सीएचए
टाळा. सुटे भाग एकत्र आले तर वर्गीकरणाच्या नियम २(अ) प्रमाणे न जोडलेलं, पण पूर्ण यंत्र म्हणून ८४७९ ८९ मध्ये जातात. नुसत्या पेट्या आधी आल्या तर त्या सुटे भाग म्हणून ८४७९ ९० मध्ये, मोटर आणि बोर्डांना त्यांचे स्वतःचे कोड, आणि प्रत्येकावर वेगळी चौकशी. सप्लायरला सगळं एका गोदामात जमवायला सांगा, एकाच बीएलवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर), आणि पॅकिंग लिस्टमध्ये कोणती पेटी कोणत्या यंत्रणेची हे नंबर टाकून लिहून घ्या.