शून्य बाधित कळप आढळले म्हणजे प्रदेश पहिल्या स्तरात का? (गुरांची आयात, क्षयरोग)

कळपमोजणी:
जिवंत गुरांच्या आयातीसाठी निर्यातदार प्रदेशांची क्षयरोगाच्या जोखमीनुसार वर्गवारी करायची आहे. अमेरिकेच्या २०२० च्या नियमातली रचना पाया म्हणून घेतली आहे. बाधित कळपांचं प्रमाण ०.००१ टक्क्याच्या खाली असेल तर पहिला स्तर, ०.०१ च्या खाली दुसरा, ०.१ च्या खाली तिसरा, ०.५ च्या खाली चौथा. त्याहून जास्त असेल किंवा मूल्यमापनच झालं नसेल तर पाचवा.

उदाहरण म्हणून असा प्रदेश घ्या: एकूण ४०,००० कळप. त्यांतले यादृच्छिक निवडलेले ४०० कळप वर्षभरात त्वचाचाचणीने (त्वचेत ट्युबरक्युलिन टोचून सूज येते का ते पाहून) तपासले, प्रत्येक कळपात साधारण ५० जनावरं. अहवालात एकही प्रतिक्रिया नाही, आणि मागणी पहिल्या स्तराची. एका कोपऱ्यातल्या रानटी हरणांत मात्र क्षयरोग आहे. ४०० पुरेसे आहेत का? तो कोपरा वेगळा काढता येतो का? आणि याच तक्त्यात लाळ्या-खुरकूतचा रकाना घातला तर टक्केवारी हीच ठेवायची का?

नमुनासंख्या:
४०० अजिबात पुरेसे नाहीत. शून्य बाधित सापडले तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले नमुनासंख्या, म्हणजे इथे ०.७५ टक्के. प्रदेशात ३०० बाधित कळप असते तरी ४०० च्या नमुन्यात एकही न सापडण्याची शक्यता जवळजवळ ५ टक्के राहते. वर चाचणीची कळपपातळीवरची संवेदनशीलता (बाधित कळप ओळखला जाण्याचं प्रमाण) ८५ टक्के धरली तर मर्यादा ०.८८ वर जाते. हा पुरावा चौथ्या स्तरालाही पुरत नाही. त्यासाठीच साधारण ७०० कळप लागतील.

पहिल्या स्तराचं गणित तर आणखी बोलकं आहे. ४०,००० चे ०.००१ टक्के म्हणजे ०.४ कळप. एक कळप बाधित निघाला की प्रमाण ०.००२५ टक्के होतं आणि प्रदेश दुसऱ्या स्तरात जातो. म्हणजे पहिला स्तर मागणारा इथे ‘एकही नाही’ असं म्हणतो आहे, आणि तेही किमान सलग दोन वर्षं. नमुना सर्वेक्षणाने हे सिद्ध होणं शक्यच नाही. वर्षानुवर्षांची सर्व कळपांची चाचणी आणि कत्तलखान्यातली तपासणी दोन्ही मागा. कत्तलखान्यातून घशामागच्या आणि छातीतल्या लसिका ग्रंथींच्या किती गाठी प्रयोगशाळेत गेल्या, आणि संशयित जनावराचा माग मूळ कळपापर्यंत किती वेळा लागला, हे आकडे हवेत. गाठी इतर जिवाणूंमुळेही होतात, त्यामुळे क्षयरोग नसलेल्या प्रदेशातूनही काही नमुने जायलाच हवेत. ज्या कत्तलखान्यातून वर्षभरात एकही नमुना गेला नाही, तिथे कोणी पाहतच नाही असं धरा.

मला तर तुमच्या उदाहरणातलं शून्यच खटकतं. ४०० कळप गुणिले ५० म्हणजे २०,००० जनावरं. एकेरी त्वचाचाचणीची विशिष्टता (निरोगी जनावर निरोगीच ठरण्याचं प्रमाण) ९९.५ टक्के धरली तरी निरोगी जनावरांत १०० च्या आसपास खोट्या प्रतिक्रिया यायला हव्यात. एकही नोंदली नसेल तर अहवालात फक्त पुष्टी झालेलेच आकडे उतरले आहेत, किंवा ७२ तासांनी सूज मोजलेलीच नाही. कच्च्या नोंदवह्या मागवा: त्वचेची आधीची आणि नंतरची जाडी, मिलिमीटरमध्ये.

सीमारेषा:
कोपरा वेगळा काढता येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या प्राणी-वनस्पती आरोग्यविषयक (एसपीएस) करारात, सहाव्या कलमात, रोगमुक्त भागांची संकल्पना मान्य करण्याचं बंधन आहे आणि पुरावा देण्याची जबाबदारी निर्यातदारावर आहे. अर्जेंटिनाने आपल्या दक्षिणेकडच्या पॅटागोनिया भागाला लाळ्या-खुरकूतमुक्त मानण्याच्या प्रश्नावर अमेरिकेला याच करारावर आव्हान दिलं होतं. २०१५ चा निर्णय बऱ्याच अंशी अर्जेंटिनाच्या बाजूने लागला.

पण नकाशावर रेघ मारून भागत नाही. कोपऱ्यातलं जनावर बाहेर जाताना अडवायला काय आहे? कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, वाहतूक परवाना आणि हलवण्याआधीची चाचणी, तिन्ही दाखवता आलं नाही तर अख्ख्या प्रदेशाला कोपऱ्याचा स्तर द्या. रानातला साठा गुरांच्या चाचणीने संपत नाही. मिशिगनमधली हरणं, न्यूझीलंडमधले पोसम, ब्रिटन आणि आयर्लंडमधले बिज्जू (बॅजर) ही उदाहरणं डोळ्यांसमोर आहेतच. म्हणून रानटी जनावरांचं सर्वेक्षण ही स्वतंत्र अट ठेवा.

खुरकूत_पाहणी:
लाळ्या-खुरकूतला टक्केवारी लावू नका. तो इतक्या झपाट्याने पसरतो की एका कळपावरून सगळा दर्जा जातो. जानेवारी २०२५ मध्ये ब्रांडेनबुर्गमधल्या एका ठिकाणच्या पाणम्हशींत तो सापडला आणि सगळ्या जर्मनीचा ‘लसीविना मुक्त’ दर्जा निलंबित झाला. या रकान्यात काळ आणि लस हेच निकष हवेत. लसीविना मुक्त म्हणायला १२ महिने रोग नको आणि लसीकरणही नको. दर्जा परत मिळवायला, बाधित जनावरं मारली आणि लस वापरली नाही तर शेवटच्या जनावरानंतर ३ महिने. बाधित जनावरं मारली पण लस दिलेली जिवंत ठेवली तर ६ महिने, आणि विषाणूच्या असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धच्या (विषाणू शरीरात वाढतानाच बनणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या) प्रतिपिंडांचं सर्वेक्षण. शुद्ध केलेल्या लसीने ही प्रतिपिंडं सहसा येत नाहीत, प्रत्यक्ष संसर्गाने येतात.

कळपमोजणी:
धन्यवाद. कच्च्या नोंदवह्यांचं कलम आजच घालतो. समजा प्रदेश तिसऱ्या स्तरात बसला, तर खेपेवर काय अटी?

नमुनासंख्या:
मूळ कळपाची पूर्ण चाचणी, मग निवडलेली जनावरं वेगळी ठेवून त्यांची पुन्हा चाचणी. दोन त्वचाचाचण्यांत किमान ६० दिवसांचं अंतर सक्तीचं करा. ट्युबरक्युलिन टोचल्यावर काही आठवडे बाधित जनावराची प्रतिक्रियाही मंदावते, आणि निर्यातीआधी गुपचूप एकदा टोचून घेतलं की अधिकृत चाचणी ‘स्वच्छ’ येऊ शकते. त्यासाठी विलगीकरण सरकारी देखरेखीखालीच हवं.

जन्मप्रदेशावर स्तर ठरवू नका. जनावर जिथे जिथे राहिलं, त्यांतला सर्वांत वाईट स्तर त्याला लागू करा. नाहीतर पाचव्या स्तरातलं जनावर पहिल्या स्तरातून फिरून तुमच्याकडे येईल.

सीमारेषा:
ब्रुसेलोसिसचा (गुरांत गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा) रकाना पुढे घालणार असाल तर कालवडींसाठी वेगळं कलम ठेवा. बाधित गाईच्या पोटची कालवड पहिल्या विण्यापर्यंत रक्तचाचणीत नकारात्मक राहू शकते, त्यामुळे तिथे जनावराच्या चाचणीपेक्षा मूळ कळपाचा इतिहासच धरावा लागतो. या रोगाच्या एस-१९ लसीची प्रतिपिंडं रोझ बेंगाल या रक्तचाचणीत दिसतात, आरबी-५१ या दुसऱ्या लसीची दिसत नाहीत. तेव्हा प्रमाणपत्रावर लसीचं नाव आणि टोचल्याच्या वेळचं वय, दोन्ही लिहून घ्या.