कुंभार एकच कशावरून?

घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे कर्ता आहे, हा ईश्वर सिद्ध करायला मांडला जाणारा युक्तिवाद पोकळ मुळीच नाही. न्यायदर्शनाचे (तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनाचे) आचार्य उदयन यांनी 'न्यायकुसुमांजली'त तो ताकदीने मांडलाय: परमाणू जड, आपणहून जुळणार नाहीत, जुळवणारा चेतन हवा.

पण त्यातून एकच, सर्वज्ञ ईश्वर कसा निघतो? आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची लाकडी होडी बघा. फळ्या कापणारा एक, सांधणारा दुसरा, आणि आकार तर पिढ्यान् पिढ्या चुकत-सुधारत आलेला. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा १७७९ साली छापलेला आक्षेप असाच, तोही जहाजाचाच. आणि रामानुजाचार्य! स्वतः परमभक्त असून श्रीभाष्यात, म्हणजे ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात, ते सांगतात की ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तिथे शास्त्रच प्रमाण. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

देवळात देवाला विचारलं की कौल (होकार-नकाराचा संकेत) लागतो, हा पुरावा मात्र कृपया देऊ नका. गाऱ्हाणं घालणारा माणूस 'देव आहे का' असं विचारतच नाही, तो आहे हे धरूनच मागतो.

कर्ता एकच, यासाठी नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) लाघवाचं कारण देतात: एकाने भागत असेल तर अनेक कशाला मानायचे? मला ते अपुरं वाटतं. तुमच्याकडे वेगळं कारण असेल तर जरूर लिहा.