वाघोलीत बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवावा का?

प्रश्न (वाघोलीकर)
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी पुण्यातल्या नारायण पेठेतून वाघोलीला राहायला आलो. पेठेत खडकवासल्याचे पाणी असल्याने क्षार म्हणजे काय हे कधी कळलेच नव्हते. येथे बोअर आणि टँकर यांवरच भिस्त आहे. नळांवर पांढरी खपली धरते, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ पाच शिट्ट्यांनंतरही कणीदारच राहते. दहा महिन्यांत गीझरची कॉइल जळाली. प्लंबरने ती बाहेर काढली तेव्हा चुन्यात बुडवून वाळवल्यासारखी दिसत होती. एका विक्रेत्याने टीडीएस ७८० दाखवून सॉफ्टनर सुचवला आहे. घ्यावा का?

उत्तर (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)
केवळ टीडीएसवरून ठरवू नका. त्या आकड्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात, तर फेस अडवणारे आणि डाळ शिजू न देणारे मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम. प्रयोगशाळेतून पाण्याचे एकूण काठिण्य, म्हणजे या दोहोंचे प्रमाण, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे तो बसवल्यावरही टीडीएस जवळपास तितकाच दिसेल. विक्रेत्याने मीटर दाखवून हे यंत्र विकावे, ही गंमतच आहे.

उत्तर (उंड्रीतील गृहिणी)
आमच्याकडे तीन वर्षांपासून सॉफ्टनर आहे. गीझर आणि वॉशिंग मशीन सुखात आहेत, पण आठवड्यातून एकदा जाडे मीठ घालून रेझिन (सॉफ्टनरमधले कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारे मणी) धुवावे लागते, आणि ते चुकले की खपली पुन्हा हजर. स्वयंपाकघराचा नळ आम्ही त्यातून वगळला आहे, कारण सासऱ्यांना रक्तदाब आहे. तुळशीलाही ते पाणी घालत नाही. गीझर पन्नास अंशांच्या पुढे नेऊ नका, पाणी जितके तापेल तितका थर लवकर धरतो. नळाची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की मोकळी होते, मात्र संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका, डाग पडतो.

वाघोलीकर
आभारी आहे. काठिण्य ४६० निघाले. सॉफ्टनर फक्त न्हाणीघर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर बसवतो आहोत. पिण्यासाठी आरओ आहेच, आणि त्याच पाण्यात काल डाळ लावली, ती तीन शिट्ट्यांत शिजली.